काळ्यातला निळा

वसंतराव बोरसे घाबरट होते. हे मी म्हणत नाही, ते स्वतःच सांगत. नवा माणूस भेटला की आधी नाव, मग गाव दोंडाईचा, राहणं धुळ्याला देवपुरात, आणि लगेच पुढे, "एक सांगून ठेवतो, मी भित्रा माणूस आहे. मागाहून तक्रार नको." समोरचा हसायचा. ते हसायचे नाहीत.

आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो. उंच, किंचित वाकलेले, पांढरी मिशी नीट कातरलेली, आणि हात सतत कशाची तरी खात्री करून घेत असलेले. आठवडाभर ते जळगावला खोली घेऊन राहत आणि शनिवारी धुळ्याला जात. एसटीत चढले की आधी संकटकाळी बाहेर पडायच्या दाराशी जाऊन त्याची कडी खरोखर हलते का ते पाहत. कंडक्टर ओरडायचा, "ओ बाबा, दार कशाला उघडता?" आबा शांतपणे सांगायचे, "उघडत नाही. उघडेल का ते बघतो." त्यांच्या पत्नी, मालतीकाकू, म्हणायच्या, "लग्नात अंतरपाट धरला होता ना, तेव्हाही यांनी भटजींना विचारलं, पलीकडे तीच आहे ना म्हणून."

जळगावच्या एमआयडीसीत आमचा लहानसा कारखाना होता. मालक मदनशेठ. त्यांच्या आजोबांनी राजस्थानातून येऊन रेडिओचं दुकान काढलं, वडिलांनी टीव्हीचं, मदनशेठांनी दवाखान्यातले मॉनिटर दुरुस्तीला घेतले आणि त्यातून कुणाच्या तरी ओळखीने जहाजांवरचे मॉनिटर, आम्ही त्यांना पडदे म्हणायचो, यायला लागले. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून तिथे लागले तेव्हा आईने शेजारणीला सांगितलं, "वैशाली जहाजाच्या कंपनीत लागली." शेजारीण म्हणाली, "जळगावात कुठून आलं जहाज?" हा प्रश्न आम्हाला सगळ्यांना सारखा ऐकावा लागे. जहाज नव्हतंच. खोक्यांतून पडदे येत, रंग लावून घेऊन परत जात.

रंग लावून म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर आबा समजणार नाहीत. जहाजावर आता समुद्राचा नकाशा पडद्यावर दिसतो. खोल पाणी एका रंगाचं, उथळ दुसऱ्या. दिवसा खोल पाणी पांढरट आणि उथळ निळं, फरक सहज कळतो. पण अंधार पडल्यावर जहाज चालवायच्या खोलीत उजेड ठेवता येत नाही, कारण मग काचेबाहेरचं काही दिसत नाही. म्हणून रात्रीचा पडदा अगदी मंद असतो. त्यात खोल पाणी काळं असतं, आणि उथळ पाणी काळ्याला जेमतेम खेटून असलेलं निळं. तेवढ्याशा निळ्यावर जहाज आणि त्यातली माणसं. धोक्याची घंटा असते, पण चिंचोळ्या वाटेत ती इतकी वाजते की माणसं वैतागून तिला गप्प करतात. प्रत्येक पडद्याचा स्वभाव वेगळा, म्हणून प्रत्येकाचा रंग यंत्राने मोजून दुरुस्त करावा लागतो. यंत्राने पास केल्यावर शेवटी एका माणसाने अंधारात बसून तो डोळ्यांनी पाहायचा. तो माणूस म्हणजे आबा.

पहिल्याच दिवशी मला त्यांनी अंधारखोलीत नेलं. भिंती काळ्या, छत काळं, खुर्च्या काळ्या, अंगात घालायला काळा डगला. दार लागलं आणि मला स्वतःचा हात दिसेना. मला लहानपणापासून अंधाराची भीती. ती मी मुलाखतीत सांगितली नव्हती.

"बस," त्यांचा आवाज आला. "डोळ्यांना वेळ दे."

बराच वेळ आम्ही नुसते बसलो. एसीची घरघर आणि त्यांचा श्वास. माझ्या मानेवर घाम आला होता. मग त्यांनी पडदा सुरू केला. चाचणीचं चित्र होतं. काळ्या चौकोनाच्या आत दुसरा चौकोन असतो, रात्रीच्या निळ्याचा. मला मात्र नुसता काळा तुकडा दिसत होता.

"दिसतं का?"

"नाही, आबा. काहीच दिसत नाही."

ते खुर्चीत मागे टेकल्याचं मला ऐकू आलं. "शाब्बास," ते म्हणाले. "आजवर जो आला तो पहिल्या दिवशी 'दिसतं' म्हणाला. माय, इथे 'दिसतं' हा शब्द वापरायचा नाही. काय दिसतं ते सांगायचं. कुठे आहे, केवढं आहे, कडा कुठे संपते ते सांगायचं. आणि भीती वाटत असेल तर तेही सांगायचं."

"वाटते," मी म्हणाले.

"मलाही. दार उघडं आहे, कडी लावलेली नाही. मी आधीच बघून ठेवलंय."

खानदेशात वडीलधारी माणसं मुलीला 'माय' म्हणतात, तसे ते मला म्हणत. एरवी त्यांचं बोलणं शाळेतल्या पुस्तकासारखं स्वच्छ असे. पण भीती वाढली की ते अहिराणीत शिरत. आम्हाला हे ठाऊक झालं होतं. आबांच्या तोंडून 'आहे'च्या जागी 'शे' आणि 'सगळं'च्या जागी 'बठ्ठं' ऐकू यायला लागलं की आम्ही हातातलं काम थांबवायचो.

त्यांना रंगांची जाण आली ती लहानपणी, दोंडाईच्याला मिरचीच्या पथारीवर. त्यांचे वडील तिथे वाळत घातलेल्या मिरच्या रंगावरून निवडायचे. कोणती लाल जिवंत आणि कोणती लाल मेलेली, हे पोरांना ओळखता यावं लागे, नाहीतर टपली बसे. 'मेलेला रंग' हा आबांचा शब्द तिथला. धुळ्याच्या साड्यांच्या दुकानात ते मालतीकाकूंबरोबर गेले की दुकानदार धास्तावत. आबा साडी घेऊन सरळ रस्त्यावर जात, उन्हात धरत, मग सावलीत, मग परत येऊन म्हणत, "हा हिरवा तुमच्या ट्यूबलाइटचा आहे, साडीचा नाही." काकू लाजेने अर्ध्या होत. एकदा एका दुकानदाराने त्यांना चोर समजून मागे माणूस पळवला. आबा इतके घाबरले की साडी त्या माणसाच्या अंगावर टाकून देवपुराच्या दिशेने चालू पडले. काकू आत बसून राहिल्या होत्या, त्यांची आठवण आबांना घरी पोचल्यावर झाली.

हे ऐकून आम्ही खूप हसलो होतो. पण ते जहाजावरून का उतरले, हे विचारायचं धाडस कुणाचं होत नव्हतं. ते मर्चंट नेव्हीत सेकंड मेट होते, म्हणजे नकाशाची आणि वाटेची जबाबदारी त्यांची, एवढंच माहीत होतं. मग एकदा जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगमधला संदीप शेवभाजीत भाकरी चुरत म्हणाला, "आबा, तुम्ही पाण्याला भिता म्हणून आले का गावाले?" तो गमतीत म्हणाला होता. आबांनी डबा बंद केला.

"पाण्याला नाही भीत मी," ते म्हणाले. आणि त्यांनी सांगितलं.

दिवेलागणीची वेळ होती. जहाज बेटांच्या मधल्या वाटेने चाललं होतं आणि आबा पहाऱ्यावर होते. एक पडदा बिघडला होता म्हणून मागच्या बंदरात दुसरा बसवला होता, पण त्याचं स्वतःचं रंगांचं कोष्टक त्यात घातलंच नव्हतं, जुन्या पडद्याचंच ठेवलं होतं. समोरून मासेमारी होड्या आल्या. आबांनी पडद्यावर पाहिलं. उजवीकडे काळं, म्हणजे खोल पाणी. त्यांनी जहाज उजवीकडे घ्यायला सांगितलं.

"आवाज मोठा नव्हता," ते म्हणाले. "पिठाच्या गिरणीत खडा गेला की येतो तसा. पण तो पायांतून येतो, कानांतून नाही. आणि थांबत नाही."

जहाज प्रवाळावर चढलं. खाली तेलाची टाकी होती. ती फुटली की नाही हे कळायला मार्ग नव्हता, म्हणून सगळे नाकपुड्या फुगवून तेलाचा वास घेत उभे राहिले. भरतीचं पाणी येईपर्यंत पोलाद कण्हत होतं. मशीनखोलीतला एक पोरगा आईला हाका मारत होता. भरती आली, जहाज सुटलं, माणूस एकही दगावला नाही. चौकशीत आबांवर काही ठपका आला नाही.

"मग?" संदीपने विचारलं. त्याची भाकरी तशीच होती.

"मग काय? पडदा शांत होता रे. ती भीती आहे मला. वादळ येतं तेव्हा ओरडत येतं. हा शांतपणे म्हणत होता, ये, इकडे खोल आहे."

ते पुन्हा कधी जहाजावर चढले नाहीत. नंतर त्यांना मुंबईहून कितीदा बोलावणं आलं, बंदरात उभ्या जहाजावर जाऊन पडदा बघा म्हणून. आबा म्हणत, "पडदा इकडे पाठवा." जहाजाची शिडी नुसती मनात आली तरी त्यांच्या हाताला घाम सुटे. मी तो पाहिलेला आहे. ते हात डगल्याला पुसत.

एका उन्हाळ्यात जे घडलं ते मी विसरणार नाही. जळगावचं ऊन मे महिन्यात माणसाला बोलू देत नाही. त्या आठवड्यात वीज सारखी जात होती, एसी बंद पडत होता आणि अंधारखोलीची भट्टी होत होती. तरी काम चालू होतं. त्या दुपारी मी एक पडदा यंत्राने मोजला. सगळं बरोबर आलं. आबा आत आले, बसले, डोळ्यांना वेळ दिला, पाहिलं.

"निळा मेलाय," ते म्हणाले.

"आबा, यंत्र पास म्हणतंय."

"पुन्हा मोज."

पुन्हा मोजलं. पुन्हा पास. ते पडद्याच्या इतके जवळ गेले की त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर उजेड पडला. मग मागे आले. "तू बघ."

मी पाहिलं. मला वाटलं चौकोन दिसतोय. मग वाटलं, तो तिथे असतो हे माहीत आहे म्हणून दिसतोय. मी तेच सांगितलं.

अंधारात त्यांची खुर्ची करकरली. मग आवाज आला, "माले भ्याव वाटी राहिनं, माय."

यंत्र खरं असेल तर आबांचे डोळे गेले. डोळे खरे असतील तर यंत्र बिघडलंय, आणि मग या आठवड्यात त्याने मोजलेला प्रत्येक पडदा चुकीचा. पडताळायला दुसरं यंत्र मुंबईहून यायचं होतं, त्याला दोन दिवस लागले असते. आणि त्या आठवड्यातले दोन पडदे आम्ही तातडीने, आबांच्या नजरेसाठी न थांबता, पाठवले होते, विमानाने. ते एका जहाजावर बसलेही होते, मुख्य आणि राखीव दोन्ही. जहाज बंदरातून सुटलं होतं.

आम्ही मदनशेठांच्या केबिनमध्ये गेलो. आबा उभेच राहिले.

"शेठ, त्या जहाजाला कळवायला हवं. आत्ता."

मदनशेठांनी चष्मा काढला. "आबा, यंत्र पास बोलतंय ना?"

"हो."

"मग कळवायचं काय? की आमच्या माणसाला शंका आली? उद्या यंत्र बरोबर निघालं तर या धंद्यात कोणी उभं करणार नाही आपल्याला. तीन पिढ्यांचं नाव आहे. आणि रागवू नका, पण तुमचं वय झालं. डोळ्यांचा दोष नसेल कशावरून?"

"असू शकतो," आबा म्हणाले. "म्हणूनच घाबरलोय. शेठ, माझे डोळे खराब असतील तर नाव जाईल, माझं जाईल, तुमचं जाईल. यंत्र खराब असेल तर तिथे माणसं आहेत."

शेठ खिडकीकडे पाहत राहिले. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मग त्यांनी स्वतः मुंबईच्या एजंटाला फोन लावला, जहाजाचा उपग्रहावरचा नंबर घेतला आणि रिसीव्हर आबांच्या हातात दिला.

फोन लागला. आबा इंग्रजीत बोलले, आपण कोण ते सांगितलं, नकाशाच्या अधिकाऱ्याला बोलवा म्हणाले. थोड्या वेळाने एका मुलीचा आवाज आला. तिने आबांचं नाव पुन्हा विचारलं आणि एकदम मराठीत म्हणाली, "सर, तुम्ही महाराष्ट्रातले का? मी अदिती, रत्नागिरीची. सेकंड मेट आहे इथे."

आबांनी डोळे मिटले. शब्द उशिरा पोचत होते, प्रत्येक वाक्यानंतर थांबावं लागत होतं. शेठांनी स्पीकर सुरू केला.

"अदिती, पुढे काय आहे तुमच्या?"

"सामुद्रधुनी आहे, सर. अंधार पडला की आत शिरू. इथे आता ऊन उतरलंय."

ते पूर्वेला होते. आमच्याकडे दुपार होती आणि त्यांच्याकडे दिवस कलला होता.

"नवे पडदे कसे आहेत?"

"छान आहेत, सर. सगळं व्यवस्थित दिसतं."

आबांच्या कपाळावरची शीर मला दिसली. "व्यवस्थित नको सांगू, बेटा. माझं एक काम कर. खिडक्यांचे पडदे ओढ, खोलीत पूर्ण अंधार कर. नकाशा रात्रीच्या रंगात घाल. चाचणीचं चित्र लाव. आणि लगेच बघू नको. डोळ्यांना वेळ दे. मी फोन धरून आहे."

फोनमधून पडद्यांच्या कड्या सरकल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. शेठांचा चहा टेबलावर होता, त्यावर साय आली. मी मनात म्हणत होते, दिसू दे, चौकोन दिसू दे तिला. मग लक्षात आलं की तिला दिसला तर आबांचे डोळे गेले असं होईल. काय मागावं ते मला कळेना.

"सर." आवाज बारीक झाला होता. "काळा आहे. आतला चौकोन नाहीये."

"दुसऱ्या पडद्यावर बघ."

पावलं वाजली. "तिथेही नाही. सर, मी काल रात्री याच्यावर पहारा केला. मला वाटलं, सगळीकडे खोल आहे."

आबा खुर्चीत बसले. आवाज सरळ होता. "कॅप्टनना सांग. आज अंधारात आत शिरू नका. बाहेर थांबा, उजाडल्यावर दिवसाच्या रंगात जा. त्यात फरक कळेल."

"कॅप्टन ऐकणार नाहीत, सर. आधीच उशीर झालाय."

"त्यांना अंधारात उभं कर आणि हाच चौकोन दाखव. काही बोलू नको, नुसतं विचार, काय दिसतं."

"करते, सर. मी…" आणि फोन तुटला.

पुन्हा लागला नाही. आबा लावत राहिले. नंबर, थांबा, खरखर, पुन्हा नंबर. शेठांनी एजंटाला कळवलं, एजंट म्हणाला प्रयत्न करतो. बाहेर कामगार सुटले. संदीप दारातून डोकावला, आमची तोंडं बघून तसाच उभा राहिला. आबा आता पूर्ण अहिराणीत होते. स्वतःशीच पुटपुटत होते, "बठ्ठं काळं शे. तिले बठ्ठं काळंच दखास." मी त्यांना पाणी दिलं, ते त्यांनी हातात धरून ठेवलं. मला राहून राहून त्या मुलीचा आवाज आठवत होता. माझ्याच वयाची असेल. अंधारात एका काळ्या पडद्यासमोर उभी. आणि त्या पडद्याला पास मी केलं होतं, यंत्राने सांगितलं म्हणून. त्यात माझी चूक नव्हती हे आता कळतं. तेव्हा कळत नव्हतं.

ऊन कललं. त्या समुद्रावर एव्हाना अंधार झाला असणार हे आम्हा चौघांनाही कळत होतं. आबा उठून दारापर्यंत जात, कडी बघत, परत येत.

शेवटी निरोप आला तो एजंटाच्या फोनवरून, जहाजाकडून आलेली एक ओळ. मदनशेठांनी ती मोठ्याने वाचली. बाहेर नांगर टाकला आहे, सकाळी निघू.

शेठ रडायला लागले. मी त्यांना कधी तसं पाहिलं नव्हतं. आबा रडले नाहीत. ते पाणी प्यायले आणि त्यांनी विचारलं, "नांगराला तळ कसा आहे तिथे? धरेल ना?"

जहाज दुसऱ्या दिवशी सुखरूप पार झालं. आदल्या रात्री ते गेलं असतं तर लागलंच असतं असं कुणी सांगू शकत नाही. अदितीने नंतर फोनवर एवढंच सांगितलं की वाटेत होड्या होत्या, एका ठिकाणी बाजूला व्हावं लागलं, आणि दिवसाच्या रंगात त्या बाजूला निळंच निळं होतं.

मुंबईहून यंत्र आलं. आमचं बिघडलं होतं. उन्हाने आणि बंद पडलेल्या एसीने त्याच्या आतली काच खराब झाली होती, मंद उजेडात ते चुकीचं मोजत होतं. आम्ही आबांना हार घालायचं ठरवलं. मदनशेठांनी पेढे मागवले.

आबांनी पेढा घेतला नाही. ते त्याच शनिवारी धुळ्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पिकत चाललेला, पिवळसर.

"डॉक्टर म्हणाले, गेले कित्येक महिने तुम्हाला निळा रंग फिकाच दिसत असणार," त्यांनी आम्हाला सांगितलं. "म्हणजे त्या दिवशी निळा मेलेला दिसला तो पडद्यात मेला होता का माझ्या डोळ्यांत, मला माहीत नाही. मना डोया खराब व्हयनात, माय. मी बरोबर निघालो, पण मला दिसलं होतं असं मी म्हणू शकत नाही."

"पण तुम्ही फोन केलात," मी म्हणाले.

"घाबरलो म्हणून केला."

त्या महिन्यांत त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले पडदे आम्ही एकेक तपासले. उन्हाच्या आधीचे सगळे नीट होते. तो निकाल येईपर्यंत आबांना झोप नव्हती. काकूंनी मला फोन करून सांगितलं, "जेवतच नाहीत गं. ताटाकडे बघतात आणि विचारतात, ही वरणाची वाटी खरंच पिवळी आहे का."

शस्त्रक्रियेला मी धुळ्याला गेले. आत नेताना त्यांनी डॉक्टरांना वीज गेली तर काय, जनरेटर कुठे आहे, तो शेवटचा कधी चालवला, हे सगळं विचारलं. डॉक्टर समजूतदार होते, त्यांनी जनरेटर चालू करून दाखवला. पट्टी निघाल्यावर आबा पहिल्यांदा काकूंच्या साडीकडे पाहत राहिले. "ही एवढी निळी होती?" त्यांचा आवाज दबलेला होता. काकूंना वाटलं आनंद झाला. मला तो चेहरा माहीत होता. इतके दिवस आपल्याला काय काय दिसत नव्हतं, ते त्यांना दिसलं होतं.

त्यानंतर ते कामावर आले, पण शेवटची नजर द्यायला बसले नाहीत. ती खुर्ची माझ्याकडे आली.

पावसाळा संपता संपता ते जहाज गुजरातेतल्या एका बंदराला लागलं. तोवर त्यांनी चिंचोळ्या वाटा उजेडातच पार केल्या होत्या; आता जहाज थोडेच दिवस थांबणार होतं, म्हणून पडद्यांचे रंग जहाजावर जाऊनच लावायला हवे होते. मी एकटी जाणार होते. कुणी न विचारताच आबांनी सांगितलं, "मी येतो." मदनशेठ म्हणाले, "आबा, गरज नाही." ते म्हणाले, "ठाऊक आहे."

मी जळगावहून गाडीत बसले, ते धुळ्याहून येऊन दोंडाईच्याला चढले. काकू स्टेशनवर डबा घेऊन आल्या होत्या, खिडकीतून माझा हात दाबून म्हणाल्या, "त्यासले सांभाय, माय." सुरतेपर्यंत आबांचा नेहमीचा स्वच्छ रुमाल पिळून पिळून दोरी झाला होता.

धक्क्यावर जहाज उभं होतं. मी आयुष्यात पहिल्यांदा इतकं मोठं जहाज जवळून बघत होते आणि मलाच धडकी भरली. लोखंडाची भिंतच, वर बघताना मान दुखेल अशी. अरुंद शिडी तिरपी वर गेलेली, खाली धक्का आणि जहाज यांच्या फटीत काळं पाणी वर-खाली होत होतं. आबांनी दोराला हात लावला. चढायला लागले. निम्म्यात थांबले.

वर जाईनात, खाली येईनात. दोन्ही हातांनी दोर धरलेला, पाठीवर शर्ट चिकटलेला. मी खालून हाक मारली, त्यांना ऐकू आली नसावी. शिडी जहाजाबरोबर हलत होती. वरून एक ठेंगणी, सावळी मुलगी उतरून आली. अदिती. ती त्यांच्या वरच्या पायरीवर थांबली. तिने हात पुढे केला नाही, धीर द्यायला काही बोलली नाही.

"बेटा," आबा म्हणाले, तेवढं मला वाऱ्यावर ऐकू आलं, "जहाजाखाली पाणी किती शे?"

तिने आकडा सांगितला. भरती कधी येईल तेही सांगितलं. आबांनी मान हलवली, एक हात सोडला, वरचा दोर धरला. मग दुसरा.

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघांनी पडदे मोजले. एक राहिला होता आणि माझी गाडी होती. मदनशेठांकडे दुसरं काम अडलं होतं म्हणून मला निघावंच लागलं. आबा म्हणाले, "तू जा, मी उद्या येतो." नंतर ते कामावर आले नाहीत, धुळ्यालाच राहिले, थंडीत छातीच्या दुखण्याने गेले. मी त्या वेळी कोचीनला कामावर होते, पोचू शकले नाही. त्यामुळे माझ्यासाठी त्यांचं शेवटचं दर्शन ते, धक्क्यावरून.

रिक्षात बसायच्या आधी मी वळून पाहिलं. उंचावर त्या चालकखोलीच्या लांबलचक काचा मावळतीच्या उजेडात पेटल्या होत्या. एका काचेमागे आबा उभे होते. भ्यायलेले होते, इतक्या खालूनही त्यांच्या खांद्यांवरून ते कळत होतं. मी हात हलवला. त्यांनी पाहिलं की नाही, माहीत नाही. त्यांनी दोन्ही हात वर केले, जाड काळ्या पडद्याची टोकं धरली, आणि काम करण्यापुरता अंधार करून घेतला.